हलक्या रायडरसाठी मागचा शॉकअप नरम कसा करायचा

पन्नास-पंचावन्न किलो वजनाच्या माणसाला आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकली मागून कडक लागतात. गाडीत बिघाड नसतो. कंपनी मागची स्प्रिंग निवडते तीच मुळी दोन मोठी माणसं आणि सोबतच्या पिशव्या धरून. त्या स्प्रिंगवर एकटं सडपातळ माणूस बसलं की ती जेमतेम हलते, आणि ठाण्यातल्या पेव्हर ब्लॉकच्या रस्त्याचा प्रत्येक हादरा थेट कमरेत जातो.

कंबर दुखते ही तक्रार खरीच आहे, पण मला जास्त काळजी चाकाची वाटते. शॉकअप दबला नाही की उंचवट्यावर चाक उसळतं, आणि जेवढा वेळ ते हवेत असतं तेवढा वेळ त्याला ना पकड असते ना ब्रेकचा उपयोग. पावसाळ्यात घोडबंदर रोडवर मागचा ब्रेक दाबल्यावर चाक टपटप उडत घसरतं, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. माझं स्वतःचं वजन पन्नास किलोच्या आसपास आहे, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. नव्याने गाडी चालवायला लागलेल्यांना मी एकच सांगते: पाना हातात घेण्याआधी टेप हातात घ्या. गाडी तुमच्या वजनाने किती दबते हे कळल्याशिवाय शॉकअपची रिंग फिरवणं हा अंदाजपंचे कारभार होतो, आणि नवा शॉकअप विकत घेणं तर पैशाची नासाडी.

सगळ्यात आधी हवा

थंड टायरची हवा तपासा. थंड म्हणजे गाडी निदान दोन-तीन तास उभी असलेली. किती हवी तो आकडा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) किंवा चेन कव्हरवर चिकटवलेल्या स्टिकरवर असतो, मॅन्युअलमध्येही असतो. एकट्यासाठी वेगळा आणि मागे माणूस असताना वेगळा असे दोन आकडे असतील तर तुम्हाला एकट्याचा हवा. पंक्चरवाले सवयीने "राहू द्या, टिकते जास्त दिवस" म्हणत हवा ठासून भरतात. तशा टायरवर कुठलाही शॉकअप कडकच वाटणार. हवा नेमकी करून दोन दिवस गाडी चालवा. काहींचं काम इथेच होतं.

गाडी अगदी कोरी असेल तर पहिली सर्व्हिस होईपर्यंत थांबा. नवे सील आणि बुश मोकळे व्हायला थोडा वेळ लागतो.

रिंग फिरवल्याने नक्की काय होतं

समजा एका स्प्रिंगला १ मिमी दाबायला २ किलो भार लागतो. ती मोकळी असेल तर पहिल्या किलोपासून दबेल. पण बसवतानाच ती १० मिमी दाबून बसवली, तर वर २० किलो भार येईपर्यंत ती हलणारच नाही. त्यापुढे मात्र पुन्हा दर मिलिमीटरला २ किलोच. या आधीच्या दाबाला प्रीलोड म्हणतात. शॉकअपची रिंग फिरवून आपण फक्त हा प्रीलोड कमी-जास्त करतो. स्प्रिंग तीच राहते, तिचा मूळ कडकपणा तोच राहतो.

मग नरम का वाटतं? कारण गाडी थोडी खाली बसते आणि चाकाला दोन्ही दिशांना हलायला जागा मिळते. उंचवट्यावर वर जायला, आणि खड्ड्यात खाली उतरायलाही. खड्ड्याची बाजू लोक विसरतात. शॉकअप पूर्ण ताणलेला असेल तर खड्डा आल्यावर चाकाला खाली जायला जागाच नसते, सगळी गाडी खड्ड्यात आदळते. म्हणून माणूस बसल्यावर गाडी थोडी दबलेली असणं गरजेचं आहे. किती दबते त्या मापाला सॅग म्हणतात, आणि आपल्याला तेच मोजायचं आहे.

मोजमाप

सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिथे फरशी सपाट आहे तिथे गाडी लावा. रॅम्पजवळ नको. मदतीला दोघं हवेत: एक गाडी समोरून धरायला, एक मोजायला. लागेल ते एवढंच: शिंप्याची नव्हे तर सुताराची स्टीलची टेप, मास्किंग टेप आणि कागद-पेन.

मागच्या चाकाच्या अॅक्सलच्या मध्यापासून सरळ वर रेष धरा आणि ती सीटखालच्या पॅनेलला जिथे भिडते तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावून पेनाने खूण करा. प्रत्येक वेळी याच दोन बिंदूंमधलं अंतर मोजायचं, मिलिमीटरमध्ये.

पहिलं माप चाक लोंबकळत असताना. गाडी डबल स्टँडवर घ्या. मागचं चाक जमिनीला टेकत असेल तर एकाने पुढून थोडा भार द्यावा म्हणजे ते अधांतरी राहील. डबल स्टँड नसलेल्या गाडीला साइड स्टँडवर ठेवून एकाने हँडल घट्ट धरायचं आणि दुसऱ्याने मागच्या ग्रॅब रेलने गाडी वर उचलायची, चाक जमीन सोडेपर्यंत. स्विंगआर्मला आधार देणारा पॅडॉक स्टँड इथे उपयोगाचा नाही, कारण त्यावर शॉकअप ताणलाच जात नाही.

दुसरं माप गाडी स्वतःच्या वजनावर सरळ उभी असताना, वर कोणी नाही.

तिसरं माप तुम्ही बसल्यावर. रोज जसं निघता तसंच बसा: हेल्मेट, जॅकेट, ऐरोलीला ऑफिसला नेता ती लॅपटॉपची बॅगही पाठीवर. दोन्ही पाय फूटरेस्टवर, तोल समोरच्या माणसाने धरायचा. इथे एक बारकावा आहे, तो चुकवू नका. बसल्या बसल्या सीट दोनदा दाबा, गाडी हळूहळू वर येऊ द्या, मोजा. मग मागून गाडी किंचित उचलून हळूच खाली सोडायला सांगा, पुन्हा मोजा. दोन्हींची सरासरी हे खरं माप. या दोन मापांत ८-१० मिमीचा फरक पडत असेल तर स्प्रिंगचा विषय नंतर, आधी कुठेतरी घर्षण आहे. स्विंगआर्मचा बुश सुकलेला असतो, किंवा मोनोशॉकच्या (मागे एकच शॉकअप असलेल्या गाडीच्या) लिंकेजचे, म्हणजे जोडपट्ट्यांचे, बेअरिंग गंजलेले असतात. खाडीकाठच्या खाऱ्या दमट हवेत, म्हणजे वाशी-बेलापूर पट्ट्यात किंवा कळव्या-कोलशेतकडे, उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे सर्रास होतं. ग्रीस मारून घेतलं की निम्मा कडकपणा जातो.

आता वजाबाकी. पहिल्यातून दुसरं वजा केलं की रिकाम्या गाडीचा सॅग, पहिल्यातून तिसरं वजा केलं की रायडरचा सॅग. रस्त्यावरच्या गाडीला रायडरचा सॅग चाकाच्या एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे चाक वर-खाली जास्तीत जास्त जेवढं हलू शकतं त्या अंतराच्या, २५ ते ३३ टक्के हवा. रोजच्या वापरातल्या साध्या गाड्यांचा मागचा ट्रॅव्हल १०० मिमीच्या आसपास धरायला हरकत नाही. उंच गाड्यांचा जास्त: रॉयल एनफिल्डच्या जुन्या ४११ सीसी हिमालयनचा १८० मिमी, नव्या ४५० चा २००. तुमच्या गाडीचा आकडा कंपनीच्या तपशिलात मिळेल.

एक उदाहरण घेऊ. ट्रॅव्हल १०० मिमी. तीन मापं अनुक्रमे ५६०, ५५६ आणि ५३८. म्हणजे रिकामी गाडी फक्त ४ मिमी दबते आणि रायडर बसल्यावर एकूण २२. हवे होते २५ ते ३३. ही गाडी या रायडरसाठी उंच आणि ताठ उभी आहे. रिंग दोन खाचा (पायऱ्या) कमी केल्यावर तीच मापं ५६०, ५४९, ५३१ अशी आली तर सॅग ११ आणि २९. इथे थांबायचं.

रिंग कशी फिरवायची

आपल्याकडच्या गाड्यांत मुख्यतः दोन प्रकार दिसतात. दोन शॉकअपच्या गाड्यांना पायऱ्यापायऱ्यांची रिंग असते. स्प्लेंडर प्लसला अशा ५ पायऱ्या आहेत, नव्या क्लासिक ३५० ला ६. काही मोनोशॉकनाही हीच पद्धत असते, फक्त पायऱ्या जास्त. दुसरा प्रकार आट्यांचा: शॉकअपच्या अंगावर आटे आणि त्यावर एकावर एक दोन रिंगा.

पायऱ्यांच्या रिंगसाठी हुकसारख्या तोंडाचा पाना लागतो. तो टूलकिटमध्ये असतो. सेकंडहँड गाडीत हमखास हरवलेला असतो, पण स्पेअर पार्टच्या दुकानात स्वस्तात मिळतो. स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीने ठोकून रिंग फिरवणारे मेकॅनिक दिसतात. त्यांना नम्रपणे थांबवा. खाचेची कड एकदा झिजली की पुढे पानाही बसत नाही.

सायलेन्सर गार होऊ द्या. गाडी डबल स्टँडवर घ्या, म्हणजे स्प्रिंगवरचा भार जाईल. जुन्या टूथब्रशने रिंगभोवतीचा चिखल काढा, गंज असेल तर सुटा करणारा स्प्रे मारून दहा मिनिटं थांबा. सध्या कितव्या खाचेवर आहे ते मोजून लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. मग हातमोजे घालून पाना खाचेत पूर्ण बसवा. तो अर्धवट बसला तर सटकतो आणि बोटं स्विंगआर्मवर आपटतात.

कुठल्या बाजूला फिरवायचं याचा गोंधळ होतो. रिंगेकडे जवळून बघा. उतरत्या पायऱ्या दिसतील आणि त्यांतल्या एकीवर शॉकअपच्या अंगाचा छोटा गोळा टेकलेला असेल. ज्या दिशेने फिरवल्यावर स्प्रिंगची लांबी वाढते, ती नरम बाजू. स्प्रिंग आखूड झाली तर कडक झाली. एका वेळी एकच खाच, आणि दोन शॉकअप असतील तर दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखी. एक बाजू दोनवर आणि दुसरी तीनवर ठेवून गाडी चालवू नका, स्विंगआर्मला पीळ बसतो. सगळ्यात कडक पायरीवरून एकदम सगळ्यात नरमवर उडीही मारू नका, मधल्या पायऱ्यांवरून क्रमाने या. उलट्या दिशेने झटका दिल्यास शॉकअप खराब होऊ शकतो.

आट्यांच्या प्रकारात दोन रिंगांपैकी एक कुलूप रिंग असते. ती आधी सैल करायची, मग स्प्रिंगला टेकलेली रिंग फिरवायची. सुरुवातीला स्प्रिंगची लांबी टेपने मोजून लिहून ठेवा आणि अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने पुढे जा. मॅन्युअलमध्ये किमान आणि कमाल लांबी दिलेली असते, तिच्या बाहेर जाऊ नका. चाक लोंबकळत असताना स्प्रिंग हाताने खडखड हलायला लागली तर फार सैल केलंत, मागे या. शेवटी कुलूप रिंग पुन्हा आवळायला विसरू नका.

मोनोशॉक सीटच्या आत दडलेला असेल आणि हात पोचत नसेल तर हे काम गॅरेजमध्ये करून घ्या. मात्र मापं तुम्ही घेऊन जा. "ताई, कंपनी सेटिंग आहे, हात नका लावू" असं ऐकायला मिळेल. कंपनीने रिंग फिरवण्यासाठीच दिलेली आहे.

प्रत्येक बदलानंतर दुसरं आणि तिसरं माप पुन्हा घ्या.

रस्त्यावर तपासणी

एकच रस्ता ठरवा आणि प्रत्येक सेटिंगला त्याच रस्त्याने जा, त्याच वेगाने. ठाण्यात राहत असाल तर कापूरबावडीहून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ हे उड्डाणपूल आणि परतताना पुलांखालचा रस्ता. पुलांच्या सांध्यांवर छोटा, तीक्ष्ण धक्का मिळतो आणि खाली पेव्हर ब्लॉक, खड्डे, स्पीडब्रेकर सगळंच. इथे कामं चालू असली की पट्टे कुठे वळतील याचा नेम नाही, म्हणून सकाळी लवकर जा. नवी मुंबईकरांनी आपल्या सेक्टरच्या आतले स्पीडब्रेकर घ्यावेत आणि मग पाम बीच रोड. पाम बीच गुळगुळीत आहे म्हणून उपयोगाचा नाही असं समजू नका. जास्त नरम झालेली गाडी कुठे कळते तर तिथेच: मोठ्या वळणावर मागचा भाग झुलायला लागतो.

शॉकअपचा दांडा दिसत असेल तर त्याला एक बारीक केबल टाय हलकेच बांधून खाली सीलपर्यंत सरकवा. फेरी झाल्यावर तो कुठवर ढकलला गेला ते बघा. रोजच्या रस्त्यावर शॉकअप पूर्ण दबून रबरावर आपटत असेल, "ठक्" आवाज येत असेल, तर एक खाच वर घ्या. उलट तो अर्ध्यापर्यंतही पोचत नसेल तर अजून नरम करायला वाव आहे.

काही गाड्यांना रिबाउंडचा स्क्रू असतो. शॉकअप किती वेगाने परत उठतो ते तो ठरवतो. स्प्रिंगचा दाब कमी केल्यावर परत उठणं मंदावतं, आणि लागोपाठच्या खड्ड्यांत शॉकअप पूर्ण उठायच्या आत पुन्हा दबत जातो. मग नरम करूनही गाडी कडकच वाटते. अशा वेळी स्क्रू आधी आत पूर्ण फिरवून किती क्लिक होते ते लिहा, मूळ जागी या, आणि तिथून एक-दोन क्लिक बाहेर सोडा. सीट जोरात दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे. ती झुलत राहिली तर क्लिक परत आत.

मागचा भाग खाली आला की आणखी काय बदलतं

हेडलाइट वर बघायला लागतो. आधीच सोसायटीच्या भिंतीवर, तुम्ही बसलेले असताना, लो बीमची कड खडूने आखून ठेवा. बदल झाल्यावर त्याच जागी गाडी लावून दिवा त्या रेषेवर आणा. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जाणं दुभाजक नसलेल्या अंधाऱ्या रस्त्यावर फार धोक्याचं असतं.

साइड स्टँडवर गाडी आधीपेक्षा सरळ उभी राहते. स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये गाड्या एकमेकींना खेटून लावलेल्या असतात आणि एकीला धक्का लागला की ओळच्या ओळ पडते. उतार कुठल्या बाजूला आहे ते बघून लावा, गिअरमध्ये ठेवा. डबल स्टँडवर घ्यायलाही थोडा जास्त जोर लागेल.

चेन तपासा. गाडी खाली बसली की बहुतेक गाड्यांत चेन आधीपेक्षा ताणली जाते. ढिलाई किती हवी आणि ती कुठल्या स्थितीत मोजायची हे मॅन्युअलमध्ये आहे. वळायला गाडी किंचित जड वाटेल तेही मागचा भाग खाली आल्यामुळेच.

सगळ्यात खालच्या पायरीवरही कडकच असेल तर

आता ओझं स्प्रिंगवर आलं. ओळखायची खूण अशी: रायडरचा सॅग ३० मिमीवर आणला, पण रिकामी गाडी स्वतःच्याच वजनाने २० मिमी किंवा जास्त दबते आहे. पहिल्यांदा ऐकताना उलट वाटतं, पण याचा अर्थ स्प्रिंग तुमच्यासाठी कडक आहे. तुमच्या वजनाने ती फारशी दबत नाही, म्हणून सॅग जुळवायला प्रीलोड जवळजवळ काढून टाकावा लागला. खालच्या पायरीवरही रायडरचा सॅग २० टक्क्यांच्या आत राहत असेल तरी निदान तेच.

अशा वेळी मऊ स्प्रिंग बसवायची, मूळच्यापेक्षा १० ते १५ टक्के मऊ. फार उडी नको. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीवर प्रचंड अवलंबून असतो, जाडीच्या चौथ्या घातावर. बाकी सगळं सारखं ठेवून तार ८ मिमीऐवजी साडेसात मिमी घेतली तर स्प्रिंग जवळपास २३ टक्के मऊ होते. म्हणून दुकानदार "थोडी बारीक आहे" म्हणाला की व्हर्नियरने मोजा. उंची, आतला व्यास आणि वेटोळ्यांची संख्याही जुन्या स्प्रिंगशी ताडून बघा. स्प्रिंग काढताना ती दाबून धरणारं साधन लागतंच. घरी पान्यांनी सोडवायला जाऊ नका, सुटलेली स्प्रिंग हाड मोडू शकते.

दोन गोष्टी कोणी कितीही खात्रीने सांगितल्या तरी करू नका. पहिली म्हणजे स्प्रिंगचं एखादं वेटोळं कापणं. कापल्याने गाडी खाली येते म्हणून लोकांना ती मऊ झाल्यासारखी वाटते, पण वेटोळी कमी झाली की स्प्रिंग कडक होते: दहाची आठ केली तर २५ टक्के जास्त कडक. तापवून बसवणं त्याहून वाईट, पोलादाचं पाणीच जातं. दुसरी म्हणजे मोनोशॉकच्या बाजूच्या कॅनमधला गॅस कमी करणं. तो नायट्रोजन तेलाला फेस येऊ नये म्हणून दाबाखाली भरलेला असतो. तो सोडला की शॉकअप निकामी होतो, नरम होत नाही.

गाडी बुटकी करणाऱ्या लिंक प्लेटही याच कारणासाठी सुचवल्या जातात. पाय टेकायला अडचण असेल तर तो वेगळा विषय आहे. कडकपणावर तो इलाज नाही.

मागे कोणी बसणार असेल तेव्हा

हे सगळं सेटिंग एकट्यासाठी आहे. टिटवाळ्याला गणपतीला दोघं निघालात, किंवा आईला मागे बसवून पनवेलला चाललात, तर निघण्याआधी दोन खाचा वर घ्या. टायरची हवाही स्टिकरवरच्या दुसऱ्या आकड्यावर आणा. नाहीतर प्रत्येक स्पीडब्रेकरवर शॉकअप रबरावर आपटेल. एका पुठ्ठ्यावर "एकटी: २री खाच, दोघं: ४थी" असे तुमचे आकडे लिहून सीटखाली ठेवा आणि हुकचा पाना त्याच्या शेजारीच, टूलकिटमध्ये.